हक्काचे पाणी आणि राखणीचे कर्तव्य

(वसई-विरार परिसरातील एका बुद्धविहारात नवदीक्षित कुटुंबांपुढे एका वकील बंधूंनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



आजच्या सभेच्या चालकांनी मला पर्यावरण आणि नागरिकांची जबाबदारी ह्या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम माझ्या मनात संकोच उत्पन्न झाला. आपल्यापैकी पुष्कळजण एका खोलीत संसार करणारे आहेत. पहाटेची लोकल पकडून मुंबईस जावे आणि रात्री परत यावे, हा आपला नित्यक्रम. नळाला पाणी किती वाजता येईल ही ज्यांची रोजची विवंचना, त्यांच्यापुढे झाडे, खाडी आणि हवा ह्यांच्या गोष्टी सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखे होईल काय, असा प्रश्न मला पडला. गेल्या आठवड्यात एका बंधूने मला तोंडावर विचारलेही, "वकीलसाहेब, हा बंगलेवाल्यांचा विषय. आमच्या दीक्षेचा आणि खाडीतल्या तिवरांचा संबंध काय?"

प्रश्न रास्त आहे. जो धम्म बुद्धीने तपासून घ्यावयाचा, त्याच्या अनुयायांनी असे प्रश्न विचारलेच पाहिजेत. माझे आजचे सारे भाषण त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे असे समजावे.

महाडचा खटला कशासाठी होता?

चवदार तळ्याचा इतिहास आपल्या मुलांनाही पाठ आहे. परंतु त्याची एक बाजू सभांतून फारशी सांगितली जात नाही. ती न्यायालयाची बाजू आहे, म्हणून ती मी सांगतो.

१९२३ साली रावबहादूर सी. के. बोले ह्यांच्या ठरावाने मुंबई कायदे कौन्सिलाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असे ठरविले. महाडच्या नगरपालिकेने पुढील वर्षी आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे तथाकथित शुद्धीकरण झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात काही स्पृश्य मंडळींनी दिवाणी दावा लावला. दाव्यात त्यांचे म्हणणे असे की, हे तळे आम्हां स्पृश्यांचे आहे आणि इतरांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादिकाळापासून चालत आली आहे. हा दावा महाडच्या न्यायालयात चालला, त्यावरील अपील आपल्या ठाण्याच्या न्यायालयात चालले आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याचा निकाल दिला. तळे नगरपालिकेच्या ताब्यातील असून मज्जावाची प्राचीन वहिवाट शाबीत झालेली नाही, असे उच्च न्यायालयाने ठरविले. नऊ वर्षांहून अधिक काळ बाबासाहेब त्या तळ्यासाठी न्यायालयात झुंजत होते.

आता ह्या खटल्याचा मथितार्थ पाहा. वाद पाण्याच्या चवीचा नव्हता. पाणी ही कोणाची मालमत्ता, हा वाद होता. ते सार्वजनिक आहे, म्हणून सर्वांचे आहे, हे त्या निकालाने सिद्ध केले. पुढे संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव, स्नानघाट ह्यांच्या वापराच्या बाबतीत जात, धर्म, वंश, लिंग ह्यांवरून कोणासही अटकाव करता येणार नाही असे स्पष्ट लिहून ठेवले.

परंतु बंधूंनो, ज्या तळ्यावर आपला समान हक्क आहे, ते तळेच कोणी राडारोडा टाकून बुजविले, तर त्या हक्काचे काय? संविधानातील शब्द तसेच राहतील, आणि पाणी मात्र नाहीसे झालेले असेल. १९२७ साली आपल्याला तळ्यावरून हाकलून लावीत. आज तळेच नाहीसे करतात. पहिल्या अन्यायाला चेहरा होता, म्हणून तो ओळखू आला. दुसरा अन्याय रात्रीच्या ट्रकमधून येतो आणि सकाळी तेथे सपाट जमीन दिसते.

वसईची बावखले

आपण ज्या भूमीत राहावयास आलो, तिची ओळख आपणांस असली पाहिजे. पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर, पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वैतरणा आणि दक्षिणेस वसईची खाडी. पश्चिमेच्या पट्ट्यात रेताड जमीन. ह्या जमिनीत पावसाचे पाणी झिरपते आणि खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर धरून राहते, कारण गोडे पाणी हलके असते. ह्या थरावरच शेकडो वर्षे येथील विहिरी चालल्या, रहाट फिरले आणि केळीच्या, पानवेलीच्या व फुलांच्या वाड्या पिकल्या. वसईची सुकेळी ह्या पाण्याचीच देणगी.

हा थर टिकावा म्हणून जुन्या लोकांनी वाड्यांजवळ लहान तळी खोदून ठेवली. त्यांना येथे बावखल म्हणतात. पावसाळ्यात आसपासचे पाणी बावखलात उतरते, तेथे थांबते, हळूहळू जमिनीत मुरते आणि विहिरींच्या झऱ्यांना पोहोचते. अतिवृष्टीत तेच बावखल पुराचे पाणी पोटात घेते आणि उन्हाळ्यात तेच विहीर जिवंत ठेवते. ज्याने बावखल खोदले, त्याने इंजिनिअरिंगच्या कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते. पण पाण्याचा स्वभाव त्याला ठाऊक होता.

गेल्या शतकाच्या आठव्या आणि नवव्या दशकांत मुंबईची वस्ती येथवर पोहोचली. इमारती उभ्या राहिल्या, नळाचे पाणी मात्र आले नाही. मग पश्चिमेच्या विहिरींतून पंपाने पाणी उपसून टँकरने इमारतींना विकण्याचा धंदा सुरू झाला. गोडे पाणी प्रमाणाबाहेर उपसले की खालचे खारे पाणी वर चढते. विहीर एकदा खारी झाली की ती गोडी होण्यास कित्येक पावसाळे लागतात. ह्या उपशाविरुद्ध, आणि पुढे हरित पट्ट्यात बांधकामाला वाट करून देणाऱ्या नियोजनाविरुद्ध, फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली मोठे आंदोलन उभारले. १९९० साली सिडकोची येथे विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली, तेव्हाही हा झगडा चालू होता. फादर दिब्रिटो २०२० साली मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २५ जुलै २०२४ रोजी निवर्तले. ते ख्रिस्ती धर्मगुरू होते, आपण बौद्ध आहोत. परंतु पाणी राखण्याच्या कामात त्यांचा मार्ग आपल्याला परका नाही.

त्या झगड्यातून एक गोष्ट मी शिकलो. ज्याची विहीर खारी झाली तो वाडीवाला आणि जो टँकरचे पाणी विकत घेत होता तो खोलीवाला, हे दोघेही एकमेकांस शत्रू समजत. वास्तविक दोघेही नाडलेले होते. घर विकताना पाण्याची सोय न करणारा आणि पाणी विकून पैसे करणारा, हे दोघे मात्र ह्या भांडणापासून दूर उभे होते. गरिबाविरुद्ध गरीब उभा राहिला की नफा तिसऱ्याचा होतो, हे आपण कायम ध्यानात ठेवले पाहिजे.

पाणी कोणाच्या घरात शिरते?

जुलै २०१८ मध्ये ह्या शहरात काय घडले, हे येथे बसलेल्या अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. नालासोपाऱ्यात रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या बंद पडल्या, दिवसचे दिवस वीज नव्हती आणि वसईच्या मिठागर वस्तीतील शेकडो माणसे पाण्याने वेढली गेली. त्यानंतर महापालिकेने नीरी आणि मुंबईची आयआयटी ह्या संस्थांच्या तज्ज्ञांकडून कारणांची चौकशी करविली.

तज्ज्ञांचा अहवाल न वाचताही काही गोष्टी आपल्याला समजू शकतात. डोंगरावरचे पाणी समुद्राकडे जाताना वाटेत खाजण जमिनी, मिठागरे, तिवरांची रांग आणि बावखले होती. भरतीच्या वेळी खाडी पाणी घेत नाही. तेवढे तास हे पाणी ह्या सखल जागांत थांबत असे. त्या जागांवर मातीचा भराव पडला, नाले अरुंद झाले, आणि थांबण्यास जागा नसल्यामुळे पाणी माणसांच्या घरांत थांबू लागले. कोणाच्या घरांत? ज्यांनी स्वस्त म्हणून सखल भागात खोली घेतली, त्यांच्या. उंच जोत्याच्या इमारतीत राहणाऱ्याचे वाहन भिजते. आपल्या मुलांची पुस्तके, धान्याचे डबे आणि जातीचे दाखले भिजतात. म्हणून, हा बंगलेवाल्यांचा विषय आहे असे म्हणणाऱ्या त्या बंधूला माझे पहिले उत्तर असे की, बिघडलेल्या निसर्गाचा पहिला दंड गरिबालाच भरावा लागतो.

एका जमिनीवरील दोन अन्याय

दुसरे उदाहरण अधिक कडू आहे. नालासोपारा पूर्वेस सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी ह्यांसाठी आरक्षित असलेल्या जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. खोट्या कागदपत्रांच्या आधारे त्यांतील खोल्या विकल्या गेल्या. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या आरंभापर्यंत त्या सर्व इमारती पाडण्यात आल्या आणि हजारो माणसे बेघर झाली.

ह्या प्रकरणाकडे वकिलाच्या दृष्टीने पाहा. पहिला अन्याय त्या कुटुंबांवर झाला. आयुष्याची पुंजी घालून त्यांनी जे घेतले ते घर कायद्याच्या दृष्टीने घरच नव्हते. दुसरा अन्याय साऱ्या शहरावर झाला. जेथे मैलापाणी शुद्ध व्हावयाचे, ती जागाच इतकी वर्षे हातातून गेली. जे पाणी शुद्ध होत नाही ते नाल्यातून खाडीत जाते आणि मासेमारीवर पोट असलेल्या कोळ्याच्या जाळ्यात उतरते. वसई-विरारच्या सांडपाण्याचा व कचऱ्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला, तो काही हौसेखातर नव्हे.

येथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. मी नवा वकील असताना आपल्यातीलच एक कुटुंब कागद दाखविण्यास आले. चाळीतली खोली घ्यावयाची होती. मी मुद्रांक पाहिला, कब्जापावती पाहिली, करारनाम्यातील नावे तपासली आणि ठीक आहे म्हणून सांगितले. विकास आराखड्यात त्या जमिनीवर काय दाखविले आहे, हे मी पाहिले नाही. ती जमीन ओढ्याच्या पात्रालगतची होती. काही वर्षांनी खोली पाडण्यात आली. त्या घरातील आजी माझ्या दारी आली. तिने मला एक शब्दही टाकून बोलला नाही, एवढेच म्हणाली, "भाऊ, तुम्ही शिकलेले, म्हणून आम्ही विचारलं होतं." ते वाक्य मी आजवर विसरलो नाही. बाबासाहेबांनी आपल्याला शिकण्यास सांगितले ते आपल्या एकट्याच्या पोटासाठी नव्हे. शिकलेल्या माणसाने न पाहिलेला नकाशा हा अडाणी माणसाच्या डोक्यावर कोसळतो.

कचरा आणि जात

आता मी ज्या गोष्टीकडे वळतो, तिचा संबंध सरळ आपल्या रक्ताशी आहे. ९ एप्रिल २०२४ रोजी विरार पश्चिमेच्या एका मोठ्या वसाहतीतील सांडपाणी प्रक्रिया केंद्रात सफाईसाठी उतरलेले चार कामगार गुदमरून मरण पावले. शुद्ध हवा नसलेल्या त्या टाकीत माणूस उतरविला गेला, तो कोणत्या शतकात? २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्याच्या कामावर माणूस ठेवण्यास आणि गटारे व शौचटाक्या संरक्षणसाधनांवाचून साफ करविण्यास बंदी केलेली आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये नुकसानभरपाई ठरविली. २०२३ साली ती तीस लाख केली. रक्कम वाढली, पण माणसे उतरविण्याचे थांबले नाही.

पर्यावरणाच्या सभेत हे का सांगता, असे कोणी विचारील. सांगतो. ज्या समाजाने शतकानुशतके आपली घाण उचलण्यासाठी एक जात नेमून ठेवली, त्या समाजाला आपल्या घाणीचा विचार करण्याची गरजच पडली नाही. टाकणारा एक आणि उचलणारा दुसरा, अशी व्यवस्था असेल तर टाकणाऱ्याला जबाबदारीची जाणीव व्हावी कशी? आपल्या देशातील अस्वच्छतेचे मूळ केवळ आळसात नाही. ते जातीत आहे.

मग आपण, ज्यांनी ती जात टाकली, आपल्या घरातला ओला कचरा, सुका कचरा, औषधांच्या सुया आणि फुटलेल्या काचा एकाच पिशवीत बांधून फेकतो, तेव्हा काय करतो? ती पिशवी गोखिवऱ्याच्या भोयदापाड्याच्या कचराभूमीवर कोणीतरी हाताने उघडतो. तो बहुधा आपलाच कोणी आप्त असतो. आणि नसला तरी तो माणूस आहे. २०१६ च्या नियमांनी कचरा वेगळा करण्याचे कर्तव्य प्रत्येक घरावर घातले. त्यासाठी पैसा लागत नाही. वेगळे डबे आणि थोडी माणुसकी लागते. ह्या बाबतीत माझ्या माता-भगिनींवरच सारा भार टाकावा असेही मी म्हणणार नाही. डबा उचलण्यास पुरुषाचेही हात चालतात.

आपल्या जयंतीच्या मिरवणुकीनंतर रस्त्यावर पडलेले प्लास्टिकचे पेले आणि पाण्याच्या पिशव्या पाहून मला लाज वाटते. पहाटे ते उचलावयास सफाई कामगारच येतो. त्याच्या मुक्तीसाठी झगडलेल्या महापुरुषाच्या जयंतीने त्याचे काम दुप्पट व्हावे, हे आपल्याला शोभत नाही.

सोपाऱ्याचे दोन शिलाखंड

आपण राहतो ती भूमी बुद्धधम्माला नवी नाही. आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. त्याच वर्षी भातेला तळ्याजवळ सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. पुढे १९५६ साली, ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली त्याच वर्षी, जवळच्या भुईगावास नवव्या लेखाचा तुकडा हाती आला.

ह्या दोन लेखांत काय आहे, ते ध्यानात घ्या. आठव्यात अशोक सांगतो की, पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा काढीत. आपण ती प्रथा सोडून धम्मयात्रा सुरू केली. नवव्यात तो म्हणतो की, लोक निरनिराळे मंगलविधी करतात, पण त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे दास आणि नोकर ह्यांच्याशी योग्य वर्तन, प्राणिमात्रांविषयी संयम आणि वडीलधाऱ्यांचा आदर. एक लेख निसर्गाविषयी, दुसरा कष्टकऱ्याविषयी. हे दोन्ही दगड आपल्या गावच्या मातीत निघावेत, ह्यात मला दैवी चमत्कार दिसत नाही. परंतु बोध मात्र दिसतो. प्राण्यांवर दया करावयाची आणि सफाई कामगाराला टाकीत उतरवावयाचे, किंवा कामगाराच्या हक्काच्या घोषणा द्यावयाच्या आणि तळे बुजवावयाचे, अशी वाटणी धम्मात नाही.

भिक्षूंच्या विनयातही हिरव्या झाडाझुडपांवर आणि पाण्यात घाण करू नये असा नियम आहे. कोवळे गवत आणि लहान जीव पायाखाली तुडविले जातात अशी लोकांची तक्रार आली, तेव्हा भगवंतांनी भिक्षूंना पावसाळ्यात एका ठिकाणी राहावयास सांगितले. आपला वर्षावास त्या तक्रारीतून जन्मला आहे. लोकांची तक्रार ऐकून नियम बदलणारा हा शास्ता होता, हेही विसरू नका.

आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण कोणते दिले? रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय ह्यांचे भांडण. सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने त्यास विरोध केला आणि दोन्ही पक्षांनी दोन दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि तंटा मिटवावा, असे सुचविले. संघाने ते ऐकले नाही, आणि युद्धात भाग घेण्यास नकार देऊन त्याने घर सोडले. पाण्याचा तंटा न्यायाने मिटला पाहिजे, हा विचार आपल्या धम्माच्या दारातच उभा आहे.

कायदा काय सांगतो?

मूळ संविधानात पर्यावरण हा शब्द नव्हता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्यात दोन तरतुदी आल्या. ४८-अ ह्या अनुच्छेदाने राज्यावर पर्यावरणाच्या संरक्षणाचा भार घातला. आणि ५१-अ च्या 'ग' खंडाने वने, सरोवरे, नद्या आणि वन्य जीव ह्यांचे रक्षण करणे व प्राणिमात्रांविषयी दयाभाव बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात प्रदूषणरहित पाणी व हवा ह्यांचा अंतर्भाव होतो असे सांगितले.

२००१ साली त्याच न्यायालयाने गावतळ्याची जमीन घरांसाठी वाटता येणार नाही असा निर्णय दिला. २०११ साली पंजाबातील एका गावतळ्यात भराव टाकून घरे बांधणाऱ्यांचे अपील फेटाळताना, गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याच्या योजना कराव्यात असे सर्व राज्यांना फर्माविले. भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा मात्र त्यात अपवाद ठेवला. १७ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांचा नाश हा २१ व्या अनुच्छेदाचा भंग आहे असे ठरवून तिवरांभोवती पन्नास मीटर जागा मोकळी राखण्यास सांगितले.

तथापि एक गोष्ट स्पष्ट करतो. ५१-अ खाली कोणासही सरळ शिक्षा होत नाही. मग त्याचा उपयोग काय? २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्याच्या जिल्हा विधी ग्रंथालयात बाबासाहेबांनी लोकशाहीच्या यशासाठी आवश्यक असलेल्या अटी सांगितल्या. त्यांत एक होती ती सार्वजनिक विवेकाची. अन्याय कोणावरही होवो, ज्याला तो झळ लावीत नाही त्यालाही त्याची चीड आली पाहिजे, असा तिचा आशय होता. हा विवेक कायद्याने निर्माण होत नाही. उलट त्याच्यावाचून कायदा चालत नाही.

ह्या कसोटीवर आपण आपल्यालाही घासून पाहू. वसई-विरारच्या नळांना सूर्या नदीवरील धामणी धरणाचे पाणी येते. ते धरण डहाणू-विक्रमगडच्या आदिवासी मुलखात आहे. तेथील लोकांच्या जमिनी धरणाखाली गेल्या, आणि धरण ज्या सिंचनासाठी सांगितले गेले त्या पाण्याचा मोठा वाटा आज शहरांकडे वळला आहे. महाडला पाण्यासाठी झगडलेल्यांच्या वारसांनी नळ उघडा सोडून गप्पा माराव्यात आणि हे पाणी कोणाच्या ताटातून आले हे विचारू नये, हे बरे नव्हे.

आपण काय करावे?

केवळ उपदेश करून मी खाली बसणार नाही. पाच कामे सांगतो.

पहिले : प्रत्येक विहाराने आपल्या परिसरातील विहिरी, तळी, बावखले आणि नाले ह्यांची वही करावी. सर्व्हे नंबर, सातबारावरील नोंद, छायाचित्र आणि तारीख तीत असावी. पुष्कळ बावखले खाजगी आहेत, काही सरकारी आहेत; कोणते कोणाचे, हे कागदावरच कळेल. माहिती मिळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा.

दुसरे : खोली घेण्यापूर्वी विकास आराखड्यातील आरक्षण, झोन दाखला आणि बांधकामाची परवानगी पाहिल्यावाचून एक रुपयाही देऊ नये. विक्रेत्याने दाखविलेल्या प्रतीवर विसंबू नये; ती महापालिकेच्या कार्यालयात जाऊन पडताळावी.

तिसरे : भराव पडताना दिसला तर त्याच दिवशी तहसीलदार आणि महापालिका ह्यांच्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. हरित न्यायाधिकरणाकडे वाद उद्भवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते, म्हणून पोचेवरील तारीख हीच आपली ढाल. वकिलाच्या शुल्काची भीती बाळगू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना मोफत विधी साहाय्य दिले आहे. दीक्षा घेतल्याने तो हक्क जातो असे कोणी सांगितले तर ऐकू नका. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींचा दर्जा कायम ठेवला आहे.

चौथे : आपल्या इमारतीच्या टाकीत कोणत्याही माणसाला उतरू देणार नाही, यंत्रच लावू, असा ठराव प्रत्येक सोसायटीने करावा. आपण चार घरे असलो तरी सभेत उठून हा ठराव मांडावा.

पाचवे : हे काम एकट्याने करू नये. वाडवळ, ख्रिस्ती, कोळी, आगरी, आदिवासी, मुसलमान, परप्रांतीय, जो कोणी पाणी पितो तो ह्या कामात आपला सहकारी आहे. बावखल वाचविणारा माणूस कोणत्या देवळात जातो, हे विचारण्याचे आपल्याला कारण नाही.

बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या वाडवडिलांना तळ्याच्या काठावर उभे राहून कोणीतरी वरून ओंजळीत पाणी ओतील म्हणून वाट पाहावी लागे. त्यांतील कोणी तळ्याच्या राखणीस नेमलेला नव्हता, कारण तळे त्याचे नव्हतेच. आज ते आपले आहे. मालकाला जो अधिकार असतो, त्याच्यामागून राखणीचे काम चालत येते. गुलामाला फक्त हुकूम पाळावा लागतो. जबाबदारी स्वतंत्र माणसाच्याच वाट्याला येते. म्हणून ही जबाबदारी ओझे समजू नका. ती आपल्या स्वातंत्र्याची खूण आहे.

त्या बंधूने विचारले होते, दीक्षेचा आणि तिवरांचा संबंध काय? तो बंधू आज येथे बसला आहे. सभा संपल्यावर आपण दोघे विहारामागच्या बावखलापर्यंत जाऊ. त्याच्या एका कोपऱ्यात गेल्या महिन्यात कोणीतरी दोन ट्रक राडारोडा टाकला आहे. वहीतील पहिली नोंद तीच करू, आणि तक्रारीच्या अर्जावर पहिली सही माझी असेल. दुसरी कोणाची, हे आपण ठरवावे.

जय भीम! नमो बुद्धाय!